चुलीचे वारस

एकत्र कुटुंब विभक्त झाले हे सांगताना मराठी माणूस बहुधा 'चुली वेगळ्या झाल्या' असे म्हणतो. जमिनीची वाटणी, अंगणातली भिंत, कोर्टकज्जे हे सारे नंतर येते. कुटुंब एक की दोन याचा निवाडा चूल करते. फ्रेंच भाषेतही हीच धारणा रुजलेली आहे. 'फ्वाये' या शब्दाचा मूळ अर्थ चूल किंवा आगटी, आणि रूढ अर्थ घर, कुटुंब. मध्ययुगीन फ्रान्समध्ये 'फुआज' नावाचा कर चुलीगणिक आकारला जाई, आणि गावाची वस्तीही इतके 'अग्नी' अशी मोजली जाई. आजही तेथील आयकराच्या कागदांत एकत्र विवरण भरणाऱ्या कुटुंबाला 'फ्वाये फिस्काल' असेच म्हणतात.

चूल म्हणजे कुटुंब, असे दोन्ही भाषा सांगत असतील तर एक प्रश्न सहज उभा राहतो. जे घराणे पिढ्यान्‌पिढ्या इतरांसाठी चुली घडवीत आले, त्याच्याच हातून ती चूल सुटली, तर मागे उरतो तो वारसा कोणाचा? हा प्रश्न आम्हांला पडला तो 'ला कोर्न्यू' या फ्रेंच शेगड्यांच्या कारखान्याचा इतिहास वाचताना. १९०८ साली पॅरिसमध्ये आल्बेर द्युप्युई यांनी सुरू केलेला हा उद्योग. ओव्हन आणि वरची शेगडी यांचे एकत्रित, हाताने जुळवलेले, मागणीप्रमाणे घडवलेले भारदस्त यंत्र ही त्याची ओळख. अशा उद्योगांचे इतिहास बहुधा त्यांनी स्वतःच लिहिलेले असतात, आणि त्यांची घडण ठरलेली असते: एक कल्पक मूळपुरुष, एक शोध, तीन पिढ्या, आणि कारागिरांचे निष्ठावंत हात. साहित्याच्या अभ्यासकाला ही घडण ओळखीची वाटावी. ती एक आख्यानपद्धतीच आहे. आख्यान म्हणूनच ती वाचली, तर तिच्यात काय सांगितले आहे आणि काय गाळले आहे हे दोन्ही दिसू लागते.

१

प्रथम नावापासून सुरुवात करू. 'कोर्न्यू' म्हणजे रसायनशाळेतील रिटॉर्ट: फुगीर पोटाचे आणि खाली वाकलेल्या लांब मानेचे पात्र. पोटात द्रव तापतो, वाफ वरच्या घुमटाला लागून मानेत शिरते आणि थंड होऊन थेंबाथेंबाने बाहेर पडते. आपल्याकडील रसशास्त्राच्या ग्रंथांत तिर्यक्पातन यंत्राचे जे वर्णन येते, त्याच कुळातले हे पात्र. द्युप्युई यांचे घराणे वनौषधी आणि सुगंधी द्रव्यांच्या व्यवसायातले होते, असे कंपनीचा वृत्तान्त सांगतो. तेव्हा अर्क काढण्याच्या पात्राचे नाव त्यांना का सुचले असावे, हे कळण्याजोगे आहे.

परंतु या शब्दाचा चुलीशी असलेला संबंध एका घराण्यापुरता मर्यादित नाही. तो शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १७८९ साली लाव्वाझिए यांचा रसायनशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. त्यातील उपकरणांच्या आकृत्या, आणि त्यांत रिटॉर्टही आले, त्यांच्या पत्नी मारी-आन यांनी स्वतः रेखाटल्या होत्या. १७९४ मध्ये लाव्वाझिए यांचा गिलोटिनवर वध झाला. पुढे १८०५ साली मारी-आन यांनी दुसरा विवाह केला तो काउंट रम्फर्ड यांच्याशी. अमेरिकेत जन्मलेले आणि बव्हेरियाच्या सेवेत नावाला आलेले हे गृहस्थ उष्णतेचे अभ्यासक होते. लाव्वाझिए यांनी उष्णता हा एक सूक्ष्म द्रव मानला होता. त्याच मताला रम्फर्ड यांनी आपल्या प्रयोगांनी धक्का दिला. हा विवाह फार काळ टिकला नाही. १८०९ मध्ये दोघे विभक्त झाले. इतिहासाने येथे विवाहबंधनात आणले होते रिटॉर्ट रेखाटणाऱ्या स्त्रीला आणि युरोपातील स्वयंपाकाची चूल बदलू पाहणाऱ्या पुरुषाला.

रम्फर्ड यांची चुलीविषयीची तक्रार साधी होती. उघड्या आगटीत जाळलेल्या लाकडाची बहुतेक ऊब धुराड्यातून निघून जाते, आणि जी उरते ती भांड्यापेक्षा स्वयंपाक करणाऱ्यालाच अधिक भाजते. त्यांनी विस्तव विटांच्या बांधकामात बंद केला, प्रत्येक भांड्याखाली वेगळा जाळ ठेवला आणि हवेचा मार्ग झडपांनी कमीजास्त करण्याची सोय केली. श्रीमंत फ्रेंच घरांत त्यापूर्वीही निखाऱ्यांचे खळगे असलेला बांधीव ओटा होता; रस्से आणि सॉस मंद आचेवर ठेवण्यासाठी तो वापरीत. मात्र कोंदट मुदपाकखान्यात कोळशाच्या निखाऱ्यांतून निघणारा विषारी वायू आचाऱ्यांच्या छातीत जाई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा थोर पाककर्मी आंतोनँ कारेम याने आपल्या लेखनात याविषयी तक्रार केली आहे. तो स्वतः १८३३ साली, वयाची पन्नाशी गाठण्याआधीच वारला. राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांचे वर्णन वाचताना हा वायू लक्षात ठेवणे बरे.

२

द्युप्युई यांच्या शेगडीला लागणारा विस्तव मात्र लाकडाचाही नव्हता आणि कोळशाच्या निखाऱ्यांचाही नव्हता. तो नळातून येत होता. दगडी कोळसा हवाबंद पात्रात तापवला की त्यातून ज्वलनशील वायू निघतो. हा वायू प्रथम दिव्यांसाठी वापरात आला. पॅरिसमधील निरनिराळ्या गॅसकंपन्या १८५५ साली एकत्र झाल्या आणि रस्तोरस्ती नळ पसरले. मुंबईकरांना यात काही नवल वाटू नये. लालबागची गॅस कंपनी याच तंत्राने चाले आणि १८६५ पासून मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागू लागले होते. गंमत अशी की कोळसा ज्या पात्रांत तापवीत, त्यांनाही फ्रेंचमध्ये 'कोर्न्यू' असेच म्हणत. म्हणजे या शेगडीचे नाव आणि तिचे इंधन एकाच पात्रातून निघाले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेचा दिवा आला आणि गॅसकंपन्यांच्या मुख्य व्यवसायावर संकट ओढवले. दिवे विजेकडे जाऊ लागले तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. १९०८ हे वर्ष या संक्रमणाच्या ऐन मध्यावर येते. नळाने आलेला गॅस हवा तेव्हा पेटतो, हवा तेवढाच जळतो आणि राख मागे ठेवत नाही. त्याला साजेसा ओव्हन कसा असावा, या प्रश्नाला द्युप्युई यांनी दिलेले उत्तर म्हणजे कमानदार छताचा ओव्हन.

सपाट छताच्या चौकोनी ओव्हनमध्ये तापलेली हवा वर जाते आणि कोपऱ्यांत अडकून राहते. वरचा भाग करपतो, मधला कच्चा राहतो. छत कमानीसारखे वळवले तर हवा त्या वळणावरून घसरत पुन्हा खाली येते आणि पदार्थाभोवती फिरत राहते. पंखा लागत नाही, आणि जोराचा झोत नसल्याने मांस किंवा पाव लवकर कोरडा पडत नाही. कंपनी याला आपला मूळ शोध मानते, आणि गॅसच्या घरगुती ओव्हनपुरते ते मान्य करायला आमची हरकत नाही.

तथापि कमान स्वतः काही १९०८ साली जन्माला आली नाही. फ्रान्समधील खेड्यापाड्यांतली पावाची भट्टी शतकानुशतके घुमटाकारच होती. या भट्टीचा एक सामाजिक इतिहास आहे. सरंजामी अमलात अनेक ठिकाणी ती गावच्या सरदाराच्या मालकीची असे. शेतकऱ्याने आपला पाव तिथेच भाजावा आणि त्याबद्दल मोबदला द्यावा, अशी सक्ती होती. ही सक्ती फ्रेंच राज्यक्रांतीने मोडून काढली. १७९३ पर्यंत ती कायद्याने निःशेष झाली. पुढे ला कोर्न्यूने आपल्या शेगड्यांच्या सर्वांत मानाच्या मालिकेला 'शातो' असे नाव दिले. शातो म्हणजे सरदाराची गढी. त्याहून मोठ्या शेगडीचे नाव 'ग्रां पाले', म्हणजे थोरला राजवाडा. ज्या गढीच्या भट्टीतून पाव भाजून घेण्यासाठी रयतेला दाम मोजावे लागत, तिचेच नाव प्रजासत्ताकात ओव्हनचे भूषण व्हावे, यात कोणी कट केलेला नाही. वारशाचे आख्यान भूतकाळाची निवड कशी करते, याचा हा एक सरळ नमुना आहे. गढी घेतली जाते; तिच्या दाराशी पिठाचा गोळा घेऊन उभी असलेली रयत घेतली जात नाही.

३

आता पिढ्यांकडे येऊ. आल्बेर यांच्यामागून त्यांचे पुत्र आंद्रे आले. त्यांच्यानंतर १९८५ साली नातू झाव्हिए यांनी सूत्रे हाती घेतली. पॅरिसच्या वायव्येस सें-तूआं-लोमोन येथील कारखान्यात एनॅमलचा मुलामा दिलेले पोलाद, ओतीव लोखंड, पितळ, तांबे आणि निकेल यांपासून एकेक शेगडी जुळवली जाई. तिसरी पिढी म्हणजे घराण्याच्या आख्यानाचा शिखरबिंदू. थॉमस मान यांच्या 'बुडनब्रूक्स'चा वाचक जाणतो की उतरणही त्याच सुमारास सुरू होते. येथे मात्र ऱ्हास झाला नाही, विक्री झाली. २००४ साली ला कोर्न्यू ब्रिटनच्या आगा समूहाकडे गेली. आगा हेही एका शेगडीचेच नाव, आणि ती शेगडीही मुळात ब्रिटिश नव्हे. नोबेल पारितोषिक मिळवलेले स्वीडिश अभियंते गुस्ताफ दालेन यांनी अपघातात दृष्टी गेल्यानंतर, १९२२ साली, ती सिद्ध केली. २०१५ मध्ये हा आगा समूह मिडलबी या अमेरिकन कंपनीने विकत घेतला.

म्हणजे 'घराण्याच्या मालकीचा फ्रेंच उद्योग' हे वर्णन २००४ पर्यंतच खरे आहे. त्यानंतर घराणे कथेत राहिले, खातेवहीत राहिले नाही. आमचा आक्षेप विक्रीला नाही. वारस नसणे, भांडवल न पुरणे, कंटाळा येणे ही सर्व माणसांची कारणे आहेत. प्रश्न इतकाच की मालकी गेल्यावर वारसा नेमका कशात राहिला?

फ्रेंच शासनाने याच सुमारास, २००५ च्या एका कायद्याने, 'सजीव वारशाचे उद्योग' असे बिरूद निर्माण केले. दुर्मीळ कारागिरी आणि तिचे स्थानिक अधिष्ठान जपणाऱ्या उद्योगांना ते दिले जाते; ला कोर्न्यूलाही ते मिळाले. ही कल्पना विचार करण्याजोगी आहे. भागधारक कोण हे बाजूला ठेवून येथे वारसा कौशल्यात पाहिला जातो. मुलामा किती जाड चढवावा, पितळी कठड्याचा सांधा कोठे घासावा, दार मिटताना कसा आवाज यावा हे ज्याला हाताने कळते, तो वारस. परंतु हातांचा वारसा कागदावरच्या वारशापेक्षा नाजूक असतो. ज्या कोलब्रूकडेलमध्ये एब्राहम डार्बी यांनी १७०९ साली दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळून दाखवले, त्या इंग्लंडमधील गावीच आगा शेगड्यांचे ओतकाम होई. ती ओतशाळा २०१७ मध्ये बंद झाली. तीनशे वर्षांची कीर्तीही तिला वाचवू शकली नाही.

विक्रीनंतर ला कोर्न्यूच्या नावाने 'कोर्न्युफे' ही तुलनेने स्वस्त मालिका निघाली. तिचे उत्पादन इंग्लंडमधील लेमिंग्टन स्पा येथे होऊ लागले. तिच्यातील एका शेगडीचे नाव 'आल्बेर्तीन'. संस्थापक आल्बेर यांच्या नावाचे हे स्त्रीरूप. पण साहित्याच्या वाचकाला आल्बेर्तीन म्हटल्यावर आठवते ती प्रूस्तच्या कादंबरीतील नायिका, जिला निवेदक घरात डांबून ठेवतो आणि जी शेवटी निसटून जाते. नावे ठेवणाऱ्यांच्या मनात हे असो वा नसो, घराण्याच्या हातून निसटलेल्या नावाला याहून समर्पक नाव मिळणे कठीण होते.

४

चुली घडवणाऱ्या दुसऱ्या एका फ्रेंच माणसाने वारसाचा प्रश्न फार आधी, आणि अगदी वेगळ्या रीतीने, सोडवू पाहिला होता. झाँ-बातिस्त गोदँ हा उत्तर फ्रान्समधील एका खेड्यातील कुलूपकाराचा मुलगा, जन्म १८१७. पत्र्याऐवजी बिडाच्या ओतकामाची शेगडी अधिक ऊब धरून ठेवते, हे हेरून १८४० साली त्याने त्याचे पेटंट घेतले आणि १८४६ मध्ये ग्वीझ या गावी कारखाना नेला. त्याच्या शेगड्या इतक्या खपल्या की 'गोदँ' हे फ्रेंचमध्ये शेगडीचे सामान्यनाम होऊन बसले.

गोदँ हा शार्ल फूरिएचा अनुयायी. फूरिए हा स्वप्नदर्शी समाजवाद्यांतील सर्वांत खवय्या. भावी समाजात भोजनकलेला शास्त्राचा दर्जा देऊन त्याला त्याने 'गास्त्रोसोफी' हे नाव दिले होते. अशा गुरूचा शिष्य शेगड्या बनवणारा निघावा, हा सुंदर योग. १८५९ पासून गोदँने कारखान्याजवळ 'फामिलिस्तेर' बांधायला घेतले: काचेच्या छताखाली मोठा चौक, भोवती सज्जे, सज्जांवर कामगारांची बिऱ्हाडे, शिवाय शाळा, पाळणाघर, नाट्यगृह, धुण्याची जागा, सहकारी दुकाने. फूरिएच्या कल्पनेतील सामायिक स्वयंपाकघर मात्र त्याने सक्तीचे केले नाही. प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळीच राहिली. सामुदायिक जीवनाचा एवढा खटाटोप करणाऱ्यालाही चुली एकत्र करता आल्या नाहीत, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते.

१८८० साली त्याने कारखाना आणि फामिलिस्तेर यांची एक सहकारी संस्था स्थापन केली. नफ्याचा वाटा कामगारांना रोखीऐवजी भागांच्या रूपात मिळे, आणि अशा रीतीने मालकी हळूहळू त्यांच्याकडे गेली. वारस रक्ताने ठरणार नाही, श्रमाने ठरेल, हा त्याचा निर्णय होता. १८८८ मध्ये तो वारला. संस्था १९६८ पर्यंत टिकली. झोलाने १९०१ सालच्या आपल्या 'त्राव्हाय' या कादंबरीसाठी या प्रयोगाचा अभ्यास केला होता.

येथे कथा संपवली तर ती बोधकथा होईल. घडले ते अधिक गुंतागुंतीचे होते. संस्थेत सभासदांच्या पायऱ्या होत्या. वरच्या पायरीसाठी फामिलिस्तेरमध्ये राहणे आवश्यक होते, आणि तेथील बिऱ्हाडे मर्यादित. कालांतराने ही बिऱ्हाडे बहुधा जुन्या सभासदांच्या मुलाबाळांनाच मिळू लागली. बाहेर राहणारे कामगार बाहेरच राहिले. ज्या रक्ताच्या वारशाला गोदँने दाराबाहेर ठेवले, तो मागच्या दाराने आत आला. चूल जेथे, तेथे कुटुंब. आणि कुटुंब जेथे, तेथे वारस.

तिसरे उत्तर बर्गंडीतील लाकांश या छोट्या गावाचे. तेथे लोखंडाचे काम काही शतके चालत आले आहे, आणि तेथील शेगड्यांचे नाव कोणा घराण्याचे नसून गावाचेच आहे. त्यांच्या निरनिराळ्या शेगड्यांची नावेही बर्गंडीच्या भूगोलातून घेतलेली: क्ल्युनी, सितो आणि फोंतने हे मठ, व्होलने आणि व्हुजो ही द्राक्षमळ्यांची गावे. घराणे विकले जाऊ शकते, संस्था विसर्जित होऊ शकते, पण गाव आहे तेथेच राहते. तरीही मठांची आणि मळ्यांची नावे घेणाऱ्या या भूगोलातही खुद्द ओतशाळेतील माणूस शेगडीवर नाव म्हणून उमटत नाही.

५

रक्त, श्रम आणि भूमी अशी वारशाची तीन उत्तरे येथवर आपण पाहिली. तिन्ही उत्तरे चूल घडवणाऱ्यांविषयी आहेत. चुलीपुढे जी उभी राहिली तिचा यांत कोठेच उल्लेख नाही. ती शोधायची तर कारखान्याची माहितीपत्रके बाजूला ठेवून कादंबऱ्या उघडाव्या लागतात.

झोलाची 'पो-बुई' ही कादंबरी १८८२ सालची. नावाचा अर्थ साधारणपणे रोजचे रांधप. पॅरिसमधील एका प्रतिष्ठित इमारतीत दर्शनी जिना संगमरवराच्या देखाव्याचा, बिऱ्हाडे सभ्यतेने नटलेली. आणि सगळी स्वयंपाकघरे मागच्या अरुंद, कुबट चौकात उघडणारी. त्या चौकात मोलकरणी खिडक्यांतून एकमेकींशी बोलतात आणि मालकांची सारी अब्रू खरकट्याबरोबर खाली पडते. अदेल नावाची मोलकरीण माळ्यावरच्या खोलीत एकटीच, कोणाला कळू न देता, बाळंत होते. गॅसची शेगडी पॅरिसच्या घरांत शिरली ती याच स्वयंपाकघरांत. तेथे पितळी कठडे आणि निळा मुलामा पाहायला घरची मालकीण क्वचितच फिरकत असे.

प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला खंड १९१३ चा, म्हणजे द्युप्युईंच्या ओव्हननंतर पाचच वर्षांनी आलेला. त्यातील फ्रांस्वाज ही स्वयंपाकीण तिच्या पाककौशल्यामुळे वाचकांच्या स्मरणात राहते. परंतु तिच्या हाताखाली राबणाऱ्या गरोदर मुलीला शतावरीच्या कोंबांनी दम्याचा त्रास होतो, आणि नेमके तेच कोंब सोलायला लावून फ्रांस्वाज तिला घराबाहेर काढते, हेही प्रूस्त सांगतो. चवीच्या स्मृतीचा सर्वांत थोर लेखक त्या चवीची किंमत लपवीत नाही. कादंबरी आणि माहितीपत्रक यांच्यातला भेद आम्हांला येथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

विसाव्या शतकात, विशेषतः दोन महायुद्धांनंतर, मध्यमवर्गीय घरांतून घरगडी आणि स्वयंपाकिणी नाहीशा होत गेल्या. मालकीण, आणि पुढे मालकही, स्वतः शेगडीपुढे उभे राहू लागले. तेव्हा मागचे स्वयंपाकघर हळूहळू पुढे आले, दिवाणखान्याला जोडले गेले, आणि शेगडी ही दाखवण्याची वस्तू झाली. फ्रेंच आचारी आपल्या मोठ्या शेगडीला फार पूर्वीपासून 'पियानो' म्हणत. आता ती खरोखरच पियानोसारखी पाहुण्यांच्या नजरेस पडेल अशी मांडली जाऊ लागली. शेगडीच्या देखणेपणाचा आणि मोलकरणीच्या जाण्याचा असा निकटचा संबंध आहे. जी गेली, तिच्या जागी वारशाची कथा येऊन बसली.

सर्वच जणी अनामिक राहिल्या असे मात्र नाही. युजेनी ब्राझिए हिचा जन्म १८९५ चा. शेतावर राबणारी ही मुलगी एकोणिसाव्या वर्षी लग्नाविना आई झाली आणि बापाने तिला घराबाहेर काढले. ल्यों शहरात ती प्रथम एका घरी मोलकरीण म्हणून लागली, मग फिलियू नावाच्या प्रसिद्ध खानावळवालीच्या हाताखाली शिकली आणि १९२१ साली तिने स्वतःचे उपाहारगृह काढले. १९३३ मध्ये तिच्या दोन्ही उपाहारगृहांना मिशलँ मार्गदर्शिकेचे प्रत्येकी तीन तारे मिळाले. बापाच्या घराने जिला वारस म्हणून नाकारले, तिने आपल्या मागे वारसा ठेवला.

फ्रेंचमध्ये वारशाला 'पात्रिमुआन' म्हणतात. त्यात 'पिता' हा शब्द दडलेला आहे: बापाकडून येते ते. मध्ययुगात याच्या जोडीला 'मात्रिमुआन' असाही शब्द होता, आईकडून येते ते. तो मागे पडला आणि एकविसाव्या शतकात तेथील स्त्रीवादी अभ्यासकांनी व कलावंतांनी पुन्हा वापरात आणला. २०१५ पासून त्या नावाने दरवर्षी उत्सवही भरतो. आपल्याकडे 'स्त्रीधन' हा शब्द आहे, पण तो दागिन्यांपाशी थांबतो. आच किती ठेवावी, कढ कधी उतरवावा, करपण्याच्या क्षणभर आधी येणारा वास कसा ओळखावा, हे ज्ञान कोणत्याच धनात मोजले जात नाही. ते आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे, थोरल्या मोलकरणीकडून धाकटीकडे बोलण्यावाचून जाते, आणि मध्ये एक पिढी चुकली की संपते.

ला कोर्न्यूची शेगडी ही उत्तम वस्तू आहे याविषयी आम्हांला शंका नाही. ती घडवणाऱ्या हातांविषयी आदरच आहे. वस्तूचा इतिहास मात्र मालकांच्या वंशावळीवर संपत नाही, एवढेच आम्हांला सुचवायचे आहे. घराणे जाते, संस्था विसर्जित होते, रिटॉर्टमधला गॅसही केव्हाच गेला आणि त्याच्या जागी जमिनीखालचा नैसर्गिक वायू आला. कमान तेवढी राहते. आणि तिच्या पुढे, तोंडावर झळ घेत, कोणीतरी उभे असते. वारसांच्या यादीत पहिले नाव तिचे लिहावे, असे आमचे मत आहे.